शालेय संघातील राखीव खेळाडू

(माध्यमिक शाळांचे क्रीडाशिक्षक, शिक्षण व क्रीडा खात्यांचे अधिकारी आणि पंचायत सदस्य यांच्यापुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



शालेय कबड्डी सामन्याची हकिकत गावात पोहोचते तेव्हा तिच्यात सात नावे असतात. कोणी किती चढाया केल्या, शेवटच्या मिनिटाला पकड कोणी केली, लोण कोणामुळे चढला, याची चर्चा पारावर दोन दिवस चालते. परंतु शाळेने पाठविलेल्या संघाच्या यादीत बारा नावे असतात. उरलेली पाच मुले त्याच एस. टी. गाडीने गेलेली असतात, सामना संपेपर्यंत रेषेमागे बसलेली असतात आणि त्याच गाडीने परत आलेली असतात. त्यांच्याविषयी कोणी काही विचारीत नाही. घरी गेल्यावर आईने “खेळलास का रे?” असे विचारले, तर काय उत्तर द्यावे हा त्यांच्यापैकी प्रत्येकापुढचा प्रश्न असतो. आजच्या भाषणाचा विषय ही पाच मुले आहेत.

एवढ्या लहान गोष्टीचा सभेत विचार कशासाठी, अशी शंका कोणास येणे शक्य आहे. नियमच असा की मैदानात सातच खेळाडू उतरावयाचे. उरलेल्यांनी बाहेर बसणे ओघानेच आले. मात्र या बाहेर बसण्याचे प्रमाण किती, याचा हिशेब सहसा मांडला जात नाही. तो एकदा मांडून पाहावा. मुलींच्या कबड्डी सामन्यात १५-१५ मिनिटांचे पूर्वार्ध व उत्तरार्ध असतात आणि मध्ये ५ मिनिटांची विश्रांती असते. म्हणजे प्रत्यक्ष खेळ ३० मिनिटांचा. सात जणींची मिळून ही २१० मिनिटे होतात. ती बारा जणींत सारखी वाटली तर प्रत्येकीच्या वाट्याला साडेसतरा मिनिटे येतील. प्रत्यक्षात सात जणींना तीस-तीस मिनिटे मिळतात, त्यांतूनही बाद होऊन बसण्याचा वेळ वजा करावा लागतो, आणि पाच जणींना मिळते शून्य. त्यात स्पर्धा बाद पद्धतीची असली आणि संघ पहिल्याच फेरीत हरला, तर शाळेचे त्या खेळातील वर्ष तेथेच संपते. शाळा उघडल्यापासून रोज पहाटे तासभर सरावाला आलेल्या मुलीचे दोन महिन्यांत पन्नासएक तास मैदानावर गेलेले असतात. त्या पन्नास तासांपोटी सामन्यातील एक मिनिटही तिच्या पदरात पडलेले नसते. वर्गात वर्षभर अभ्यास करवून घेऊन परीक्षेला बसू न देणारी शाळा कोणी चालवू देणार नाही. मैदानावर मात्र हे सर्वांच्या अंगवळणी पडले आहे.

कबड्डीत बाद होणे ही नामुष्की मानली जात नाही. बाद झालेला खेळाडू रेषेमागे जाऊन बसतो आणि सोबत्याने प्रतिपक्षाचा एक गडी टिपला की पुन्हा उठून आत येतो. त्याचे बसणे हा खेळाचाच भाग असतो. राखीव खेळाडूचे बसणे निराळे. त्याला उठविण्याचे सामर्थ्य संघाने मिळविलेल्या कोणत्याही गुणात नसते; ते मार्गदर्शक शिक्षकाच्या निर्णयावर आणि पंचांच्या अनुमतीवर अवलंबून असते. (या खेळातील मुख्य पंचाला ‘सरपंच’ असेच म्हणतात. येथे उपस्थित असलेल्या गावोगावच्या सरपंचांना आपल्या हातीही तशी शिट्टी असती तर बरे झाले असते, असे वाटल्यावाचून राहणार नाही.) विश्रांतीचा अल्पकाळ मागून किंवा मध्यंतरात खेळाडू बदलता येतो, परंतु सामना चुरशीचा असेल तर तशी जोखीम घ्यावयास कोणी सहसा धजत नाही, आणि सामना एकतर्फी हरत असेल तर त्या वेळी आत पाठविलेल्या मुलाला आपण पराभवात वाटेकरी होण्यापुरते आठवलो, असे वाटते.

खो-खोची रचना तर आणखी विचार करण्याजोगी आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली नियम बांधून दिलेला हा खेळ बाहेरून पाहता सर्वांना सारखा वाव देणारा वाटतो. पाठलागाच्या पाळीत नऊही जण गुंतलेले असतात. आठ जण बसलेले दिसले तरी पाठीवर थाप पडून ‘खो’ ऐकू येताच त्यांना उठावे लागते, त्यामुळे बसलेल्याचेही लक्ष क्षणभर ढळून चालत नाही. संरक्षणाच्या पाळीत मात्र तीन-तीन जणांच्या तुकड्या आत येतात. पहिली तुकडी चपळ निघाली आणि तिनेच पाळीतील बहुतेक मिनिटे काढली, तर तिसऱ्या तुकडीला पळतीचा खेळ करावयास मिळतच नाही. म्हणजे संघ जितका चांगला खेळेल तितका शेवटच्या तिघांचा वाटा आखडत जातो. हे तिघे राखीव नव्हेत, मैदानात उतरलेल्या नऊ जणांतलेच. तरीही त्यांची स्थिती राखीव खेळाडूंहून फार वेगळी नसते. जाणता क्रीडाशिक्षक किरकोळ सामन्यांत तुकड्यांचा क्रम फिरता ठेवतो तो यासाठीच.

आझाद मैदानावरील दोन दिवस

संधीची वाट पाहत बसलेल्या शाळकरी खेळाडूची सर्वाधिक सांगितली जाणारी कथा मुंबईच्या शालेय क्रिकेटमधील आहे. हॅरिस शील्ड स्पर्धेचा १९८८ सालचा उपान्त्य सामना फेब्रुवारी महिन्यात आझाद मैदानावर शारदाश्रम विद्यामंदिर आणि सेंट झेवियर्स या शाळांत झाला. शारदाश्रमचे २ गडी ८४ धावांत बाद झाले असता विनोद कांबळी आणि सचिन तेंडुलकर एकत्र आले आणि त्यांनी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. कांबळी नाबाद ३४९, तेंडुलकर नाबाद ३२६, आणि शाळेचा डाव २ बाद ७४८ वर घोषित करण्यात आला. कोणत्याही पातळीवरील क्रिकेटमधील तो त्या वेळचा भागीदारीचा विक्रम होता. ही सारी आकडेवारी क्रिकेटप्रेमी मराठी माणसास मुखोद्गत असते. या विक्रमाला आणखी एक बाजू होती. त्यांच्यानंतर फलंदाजीस जावयाचा मुलगा पायाला पॅड बांधून दोन दिवस तंबूत बसून होता. त्याचे वय तेव्हा १३ वर्षांचे होते आणि त्याचे नाव अमोल मुझुमदार. त्याची पाळी आलीच नाही.

या मुलाने पुढे १९९३-९४ च्या मोसमात मुंबईकडून रणजी करंडक स्पर्धेतील आपल्या पहिल्याच सामन्यात, हरियाणाविरुद्ध फरिदाबाद येथे, २६० धावा काढल्या. प्रथम श्रेणीच्या पदार्पणातील तो त्या वेळचा जागतिक उच्चांक होता. प्रथम श्रेणी सामन्यांत त्याने ११,१६७ धावा आणि ३० शतके केली, २००६-०७ साली कर्णधार म्हणून मुंबईला रणजी करंडक जिंकून दिला. परंतु भारतीय संघाच्या मधल्या फळीत त्या काळी तेंडुलकर, द्रविड, गांगुली, लक्ष्मण अशी मातबर मंडळी होती आणि मुझुमदार यांना एकही कसोटी सामना खेळावयास मिळाला नाही. आझाद मैदानावरील ते वाट पाहणे एका अर्थाने २०१४ साली निवृत्त होईपर्यंत चालूच राहिले. ऑक्टोबर २०२३ मध्ये ते भारतीय महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये त्या संघाने दक्षिण आफ्रिकेचा पराभव करून विश्वचषक जिंकला.

त्या स्पर्धेतही बाहेर बसण्याचे प्रसंग आलेच. मुंबईची जेमिमा रॉड्रिग्ज हिला इंग्लंडविरुद्धच्या साखळी सामन्यात वगळण्यात आले होते. उपान्त्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ धावा करून संघाला अंतिम फेरीत नेले ते तिनेच. शेफाली वर्मा तर मूळ संघात नव्हतीच. प्रतिका रावल जायबंदी झाल्यामुळे ऐनवेळी तिला बोलावण्यात आले आणि अंतिम सामन्यात ८७ धावा व दोन बळी घेऊन ती सामन्यातील सर्वोत्तम खेळाडू ठरली. प्रतिका त्या विजयोत्सवात चाकांच्या खुर्चीतून सहभागी झाली. तिने स्पर्धेत शतकासह तीनशेवर धावा केल्या होत्या, पण अंतिम सामना तिला बाहेरूनच पाहावा लागला.

ही उदाहरणे शाळांतून मुलांना सांगावीत, परंतु बेताने सांगावीत. “धीर धर, एक दिवस तुझाही येईल” असे राखीव खेळाडूला सांगणे सोपे असते; ते खरे ठरेलच असे नाही. तालुक्याच्या मैदानावर बसलेल्या मुलांतून मुंबईच्या संघापर्यंत पोहोचणारा एखादाच. बाकीच्यांचा तो दिवस येत नाही. दहावीनंतर कोणी आय. टी. आय.मध्ये जातो, कोणी शेतीला लागतो, मुलींची कित्येकदा लग्ने ठरतात. त्यांच्या दृष्टीने शाळेतील ही तीन-चार वर्षे हाच खेळण्याचा सारा काळ असतो. म्हणून त्या तीन-चार वर्षांत त्यांना काय मिळाले, याचे उत्तर भविष्याच्या भरवशावर सोडून चालणार नाही.

शिक्षकाची अडचण

क्रीडाशिक्षकावर सगळा दोष टाकणे अन्यायाचे होईल. अनेक माध्यमिक शाळांत एकच क्रीडाशिक्षक असतो आणि त्याच्याकडे कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, मैदानी खेळ, शिवाय सकाळची प्रार्थना, स्वातंत्र्यदिनाचे संचलन आणि रजेवर गेलेल्या शिक्षकाचे तास असा सर्व पसारा असतो. संघ जिंकला तर शाळेच्या फलकावर नाव झळकते, संस्थाचालक समाधान पावतात, हरला तर “बदली खेळाडू कशाला घातलात?” असा जाब त्यालाच विचारला जातो. दहावी-बारावीच्या परीक्षेत ठरावीक पातळीवरील खेळाडूंना क्रीडागुणांची सवलत मिळते आणि शासकीय सेवेत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, हे पालकांना ठाऊक झाल्यापासून तर संघाच्या यादीला निराळेच मोल आले आहे. यादीत नाव असणे आणि मैदानात खेळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, याचा त्या गडबडीत विसर पडतो. नाव लागावे म्हणून धडपड होते; खेळावयास मिळावे म्हणून होत नाही.

तरीही काही गोष्टी सर्वस्वी शिक्षकाच्या हाती असतात आणि त्यांना पैसा लागत नाही. संघाची यादी सूचनाफलकावर लागण्याच्या आदल्या दिवशी राखीव राहणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला बाजूला बोलावून तसे सांगावे. कारणही सांगावे, आणि ते मोघम नसावे. “अजून तयारी कमी आहे” या वाक्यातून मुलाला काहीच कळत नाही. “चढाईवरून परतताना तू मध्यरेषेकडे पाहतोस, त्या क्षणी कोपऱ्यातला गडी तुझा घोटा धरतो” असे सांगितले की त्याला दुसऱ्या दिवशी पहाटे काय करावयाचे ते उमजते. पाच मिनिटांचे हे बोलणे न केल्यामुळे मूल मनातल्या मनात कारणे शोधू लागते. सरांचा राग असेल, जातीमुळे असेल, गरिबीमुळे असेल, असे त्याला वाटू लागते. क्वचित ते खरेही असते, ही गोष्ट शिक्षकांच्या सभेत बोलून दाखविणे कटू वाटले तरी टाळता येण्यासारखी नाही. कारण उघडपणे सांगण्याची सवय लागली की अशा पक्षपाताला लपावयास जागा उरत नाही.

राखीव मुलांना सामन्याच्या वेळी काम द्यावे, असे नेहमी सुचविले जाते. ते योग्यच आहे. पण कोणते काम? पाण्याची कळशी भरून आणणे, सोबत्यांच्या चपला आणि दप्तरे सांभाळणे ही कामे दर वेळी त्याच पाच जणांवर पडली तर त्यांचे स्थान संघाबाहेर आहे, हे जणू सर्वांसमक्ष जाहीर केल्यासारखे होते. ती कामे बाराही जणांत पाळीपाळीने वाटावीत. राखीव खेळाडूला खेळाचे काम द्यावे. प्रतिपक्षाचा मुख्य चढाईपटू कोणत्या पायाने आत शिरतो, बोनस रेषेकडे केव्हा वळतो, कोणत्या कोपऱ्याला घाबरतो, हे मैदानातल्या सात जणांना धावपळीत दिसत नाही. रेषेमागे बसलेल्यास दिसते. मध्यंतरात त्याला दोन मिनिटे बोलू द्यावे आणि कर्णधाराने ते ऐकावे. अशा रीतीने खेळ पाहावयास शिकलेले मूल पुढे उत्तम पंच किंवा शिक्षक होऊ शकते. समाजाला त्यांचीही गरज असते.

एक बाब आरोग्याची आहे. थंडीतल्या सकाळच्या सामन्यापूर्वी बाराही जण अंग मोकळे करून घेतात, मग पाच जण वीस-पंचवीस मिनिटे निमूट बसतात आणि कोणी जायबंदी झाला की त्यांतल्या एकास एकदम आत पाठविले जाते. आखडलेल्या स्नायूंनी घेतलेली पहिलीच झेप अंगाशी येऊ शकते. राखीव खेळाडूंनी दर काही मिनिटांनी उठून बाजूस हलकी धाव घ्यावी, पाय ताणावेत, हा नियम प्रत्येक संघाने पाळला पाहिजे. त्यायोगे “आपल्याला केव्हाही बोलावणे येईल” ही जाणीवही जागी राहते.

विद्यार्थ्याच्या बाजूचाही विचार करावयास हवा. संघात स्थान न मिळालेला मुलगा रुसून सराव सोडतो, किंवा खेळणाऱ्या सोबत्याच्या चुकीवर मनातून खूश होतो. या भावना स्वाभाविक आहेत. त्यांबद्दल त्याला रागावण्यात अर्थ नाही. त्याला सरळ विचारावयास शिकवावे. सामना हरल्यावर चारचौघांत नव्हे, तर दुसऱ्या दिवशी सराव संपल्यावर, “सर, मी कुठे कमी पडतो?” एवढाच प्रश्न. “त्याला घेतलेत, मला का नाही?” या प्रश्नाने सोबत्याशी वैर होते आणि हाती काही लागत नाही. त्याचबरोबर एकाच जागेचा आग्रह धरू नये, हेही त्याला सांगावे. केवळ चढाई करणाऱ्या मुलाने कोपरा सांभाळावयास शिकून घेतले तर त्याच्यापुढे एकाऐवजी दोन जागा मोकळ्या होतात. एवढे सारे करूनही स्थान मिळाले नाही आणि दुसऱ्या खेळाची ओढ वाटू लागली, तर त्याने खुशाल तिकडे जावे. कबड्डीच्या संघात बसून राहिलेला मुलगा गोळाफेकीत किंवा लांब उडीत पुढे येऊ शकतो. संघ सोडणे म्हणजे माघार घेणे, अशी समजूत घालून त्याला अडवून ठेवणे योग्य नव्हे.

मुलींची गोष्ट

हे सर्व मुलग्यांप्रमाणेच मुलींना लागू आहे, परंतु मुलींच्या बाबतीत एक जास्तीची अडचण असते. मुलगा राखीव राहिला तरी त्याचे मैदानावर जाणे थांबत नाही. सुटीच्या दिवशी तो गावातल्या मोकळ्या जागेत, देवळामागे, ओढ्याच्या पात्रात कोठेही खेळून घेतो. मुलीला शाळेच्या संघाखेरीज मैदान नसते. पहाटेच्या सरावासाठी तिने घरातली पाणी भरण्याची, झाडलोटीची कामे आधी उरकलेली असतात किंवा ती आईवर टाकलेली असतात. स्पर्धेसाठी परगावी जावयाचे तर वडिलांची परवानगी मिळवावी लागते. अशी मुलगी दोनदा स्पर्धेला जाऊन न खेळता परत आली की घरात साधा सवाल निघतो : “खेळायला मिळत नाही, तर जातेस कशाला?” या सवालाला तिच्याजवळ उत्तर नसते आणि तिसऱ्या वेळी परवानगी मिळत नाही. आठवीत उत्साहाने आलेली मुलगी दहावीपर्यंत संघात राहत नाही, तेव्हा अभ्यासाचा ताण किंवा घरची अडचण हे कारण शाळेत नोंदले जाते. ती दोन वर्षे रेषेमागे बसली होती, ही गोष्ट कोठेच नोंदलेली नसते.

अशा वेळी शिक्षिकेने किंवा शिक्षकाने घरी जाऊन दोन शब्द बोलणे उपयोगी पडते. “तुमची मुलगी उजव्या कोपऱ्यावर तयार होते आहे, पुढच्या वर्षी ती जागा मोकळी होणार आहे” असे नेमके सांगितले तर बहुतेक आईवडील ऐकतात. अर्थात पुढच्या वर्षी ती जागा तिला खरोखर दिली पाहिजे. गावातील वजनदार व्यक्तीच्या मुलीसाठी ऐनवेळी चिठ्ठी आली आणि उजवा कोपरा तिच्याकडे गेला, तर शिक्षकाच्या शब्दाला त्या घरात पुन्हा किंमत उरणार नाही. पंचायत सदस्यांपुढे हे बोलणे अप्रस्तुत नाही. निवडीसाठी चिठ्ठी किंवा फोन करणाऱ्यास बहुधा आपण एका मुलाचे भले करीत आहोत असे वाटत असते. ती जागा कोणाकडून काढून घेतली जाते, हे त्याला दिसत नाही.

खेळाचा वेळ वाढविता येतो

आतापर्यंतचे उपाय आहे तेवढाच वेळ वाटून घेण्याचे झाले. मूळ अडचण वेळच अपुरा असण्याची आहे आणि ती दूर करणे अवघड नाही. शासकीय शालेय स्पर्धांचे नियम, वयोगट आणि बाद पद्धती शाळेला बदलता येत नाहीत, हे खरे. परंतु त्या स्पर्धांच्या आधी जवळपासच्या चार शाळांनी एकत्र येऊन साखळी सामने भरविण्यास कोणाची मनाई नाही. चार संघांच्या साखळीत सहा सामने होतात. एका मैदानावर, सामन्याला विश्रांतीसह पाऊण तास धरला, तरी शनिवार-रविवारच्या दोन सकाळींत ते आटोपतात. प्रत्येक संघाला तीन सामने, म्हणजे ९० मिनिटांचा खेळ मिळतो. या सामन्यांपुरता चारही शाळांनी एक स्थानिक नियम करावा : यादीतील प्रत्येक खेळाडूने तीन सामने मिळून किमान दोन अर्ध खेळलेच पाहिजेत. सात जागा आणि सहा अर्ध म्हणजे एकंदर ४२ जागा होतात. बारा जणींना दोन-दोन दिल्यावरही १८ जागा शिक्षकाच्या पसंतीला मोकळ्या राहतात. म्हणजे उत्तम खेळाडूंचे काहीच अडत नाही, आणि एकही मुलगी कोरी परत जात नाही.

मोठ्या शाळांनी ‘ब’ संघ ठेवावा. तालुक्याला जाणारा संघ हा ‘अ’. उरलेल्यांचा ‘ब’ संघ शेजारच्या शाळेच्या ‘ब’ संघाशी महिन्यातून एकदा खेळेल. तेही जमत नसेल तर आंतरवर्गीय सामने आहेतच. ते बहुतेक शाळांत स्नेहसंमेलनाच्या आठवड्यात घाईने उरकले जातात. त्याऐवजी पावसाळा ओसरल्यावर दर शनिवारी एक याप्रमाणे घेतले तर दोन महिने पुरतात. शाळेच्या संघातील सात जणांनी त्या सामन्यांत खेळू नये, पंच म्हणून उभे राहावे. शिट्टी हाती घेतली की आतापर्यंत रेषेमागे बसलेल्या सोबत्यांचा खेळ त्यांनाही नीट पाहावा लागतो.

यासाठी जागा लागते आणि येथे पंचायतीचे काम सुरू होते. कबड्डीचे मैदान फार मोठे नसते. मुलांसाठी १३ मीटर लांब व १० मीटर रुंद, मुलींसाठी त्याहूनही लहान. एवढी जागा सपाट करून, दगड वेचून, मुरूम-माती टाकून, वर्षातून दोनदा रोलर फिरवून ठेवणे बहुतेक ग्रामपंचायतींच्या आवाक्यात आहे. मुलींना संध्याकाळी खेळता यावे म्हणून एक दिवा आणि मैदानाजवळ स्वच्छतागृह असावे. लग्नाचे मांडव आणि मळणीची रास यांतून ती जागा स्पर्धेच्या महिन्यात तरी मोकळी राहील, एवढा ठराव ग्रामसभेने करावा.

आणखी एक बाब खर्चाच्या मानाने अगदी लहान आहे. देणगीतून गणवेश शिवावयाचे ठरले की काही ठिकाणी सातच शिवले जातात, कारण मैदानात सातच उतरणार असतात. मग आठव्या मुलास आत जावयाचे झाल्यास बाहेर आलेल्या सोबत्याचा घामाने भिजलेला सदरा अंगात घालावा लागतो. ज्या गावाने संघाला गणवेश द्यावयाचे मनावर घेतले असेल त्याने बारा द्यावेत, क्रमांकांसह.

शेवटची सूचना अधिकाऱ्यांसाठी आहे. शाळातपासणीच्या वेळी क्रीडाविभागाचे दप्तर पाहिले जाते तेव्हा जिंकलेल्या ढाली, प्रमाणपत्रे आणि साहित्याची जडवस्तू-नोंदवही एवढ्यावर नजर फिरते. त्याच वेळी संघाची नोंदवही मागवावी. तिच्यात प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे वर्षातील प्रत्येक सामन्याचा एक रकाना असावा आणि त्या सामन्यात तो किती मिनिटे खेळला तो आकडा त्यात लिहिलेला असावा. हे काम राखीव खेळाडूंपैकीच एकाकडे सोपविले तर तो मनगटावरील घड्याळ पाहून ते चोख करील. बारा नावांपुढील त्या ओळी वर्षअखेरीस आडव्या वाचल्या म्हणजे कोणत्या नावापुढे सारी शून्ये आहेत हे मुख्याध्यापकांना दिसेल, आणि जूनमध्ये नवा संघ निवडताना क्रीडाशिक्षकासमोर ती वही उघडी राहील.